लग्नपत्रिका की एपीके? फोनचे कुलूप समजून घ्या

ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका समजून फाइल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके म्हणजे ॲप बसवणारी फाइल होती. पीएम किसान, ई-चलन, बँक केवायसी अशा नावांनीही अशा फाइली फिरतात. नांदेड-लातूरच्या वाचकांनी हे आपल्या दारातले संकट मानावे.

फोन अडवत का नाही?

अडवतो. स्वाक्षरी नसलेले ॲप अँड्रॉइड बसवूनच घेत नाही. पण ही डिजिटल स्वाक्षरी ॲप बनवणारा स्वतःच तयार करू शकतो. पुढचे अपडेट त्याच हाताचे आहे एवढे त्यातून कळते. तो हात कोणाचा, हे कळत नाही. म्हणून २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून प्ले स्टोअरबाहेरचे ॲप बसवण्याची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. अडचण अशी, की ती परवानगी देणारे बोट आपलेच असते.

पुढे काय?

अँड्रॉइडवर ॲप बसवायचे तर ते बनवणाऱ्याची ओळख पडताळलेली हवी, असा नियम गुगलने जाहीर केला आहे. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात करून २०२७ पासून तो जगभर नेण्याची योजना आहे.

हे कुलूप हवेच. मात्र त्याची किल्ली एकट्या कंपनीकडे नको. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने सोयाबीनच्या भावाचे ॲप बनवले, तर मित्रांच्या फोनवर ते चालवून पाहण्याची सोपी, विनाशुल्क वाट राहिलीच पाहिजे. आणि बँका, कार्यालये, शिकवणी वर्ग यांनी ग्रुपवर एपीके कधीच पाठवू नये. ती सवय लागली, की खऱ्या-खोट्यातला फरकच पुसला जातो.

आज काय कराल?

सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲपसमोरची परवानगी बंद ठेवा. फाइलच्या नावाशेवटी एपीके दिसले, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी आधी फोन करून विचारा. त्याचेच व्हॉट्सॲप हॅक झालेले असू शकते. चुकून ॲप बसलेच, तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. लाजून गप्प बसलात, तर चोराला तेवढाच वेळ मिळतो.