जुनी बोट जांगडवर घ्यावी

जुने यंत्र विकत घेणे हा आपल्या लोकांचा पिढीजात व्यवहार आहे. भिवंडी आणि मालेगावचे कितीतरी कारखाने जुन्या मागांवर उभे राहिले. कापडाच्या धंद्यातील माणूस जुना माग पाहायला गेला, तर नुसता रंग आणि लोखंड पाहून बयाणा देत नाही. माग चालू करायला लावतो, बीम चढवून चार हात कापड विणून घेतो, ते उजेडात धरून पाहतो आणि मग भावाची गोष्ट काढतो. परंतु हाच माणूस जुनी यांत्रिक बोट घ्यायला अर्नाळ्याच्या किंवा नायगावच्या किनाऱ्यावर गेला, की त्याची सारी हुशारी घरी राहते. वाळूवर उभ्या असलेल्या बोटीचे इंजिन दोन मिनिटे सुरू करून दाखवले जाते, आवाज ऐकून तो खूश होतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. पुढे पहिल्याच फेरीत बोट भर पाण्यात बंद पडते.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक म्हणतील. आपला भाग पाण्याला लागून आहे. सोपारा हे प्राचीन बंदर, शेजारच्या आगाशीला सोळाव्या शतकात जहाजे बांधली जात. मधल्या काळात रेल्वेने सारे लक्ष वेधून घेतले, पण आता पाण्याच्या वाटेकडे पुन्हा लोकांची नजर वळली आहे. २०२४ मध्ये वसई-भाईंदर आणि २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो सेवा सुरू झाली. त्यामुळे दुकानातून शिल्लक राहिलेला पैसा एखाद्या जुन्या बोटीत घालावा, मासेमारी किंवा पर्यटकांच्या फेऱ्या कराव्यात, असा विचार आपल्यातील काही जण करू लागले आहेत. विचार वाईट नाही. परंतु जुन्या गाडीचा सौदा फसला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. जुन्या बोटीचा सौदा फसला तर आत बसलेल्या माणसांच्या जिवावर बेतते.

किनाऱ्यावर चालते, समुद्रात का बंद पडते?

याचे उत्तर कोणताही जाणता मिस्त्री देईल. किनाऱ्यावर इंजिनावर ओझे नसते. रिकाम्या फेऱ्यांना तेल थोडे लागते, म्हणून अर्धा तुंबलेला फिल्टरही तेवढे तेल देऊ शकतो. बोट भरून पूर्ण वेगाने निघाली की इंजिन दुप्पट-तिप्पट तेल मागते आणि तुंबलेला फिल्टर ते देऊ शकत नाही. त्यातच महिनोन् महिने उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीच्या तळाशी गाळ व पाणी साचलेले असते. खाडीच्या शांत पाण्यात तो गाळ तळाशीच राहतो. बाहेर लाटा लागल्या की टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत इंजिन गुदमरते. पेट्रोलवर चालणाऱ्या, मागे टांगलेल्या इंजिनांत आणखी एक भर पडली आहे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. असे पेट्रोल बराच काळ टाकीत राहिले तर पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि नेमके तेच आधी इंजिनात ओढले जाते.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. बोटीचे इंजिन बहुधा समुद्राचेच पाणी ओढून थंड होते. ते पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पाकळ्यांचे एक लहानसे चक्र असते. इंजिन पाण्याबाहेर कोरडे चालवले तर हे रबर मिनिट-दोन मिनिटांत जळू लागते. म्हणजे गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी वाळूवर इंजिन चालवून दाखवणारा विक्रेता, नकळत का होईना, त्याच इंजिनाचा बिघाड तयार करीत असतो. मागे टांगलेल्या इंजिनातून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडली पाहिजे. ती मंद असेल किंवा थांबत असेल तर इंजिन तापणार हे ठरलेले.

तिसरी गोष्ट पंख्याची. लहान इंजिनांच्या पंख्यात दांडा व पाते यांच्यामध्ये रबर बसवलेले असते. ते जुने झाले की इंजिन जोरात घोंगावते, पण बोट जागची हलत नाही. कमी वेगात हा दोष दिसत नाही. इंजिन बोटीच्या पोटात असेल तर पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथले पॅकिंग पाहावे. तिथून थेंब थेंब पाणी येणे वेगळे आणि धार लागणे वेगळे.

चौथा शत्रू मीठ. खाऱ्या हवेने बॅटरीची टोके आणि तारांचे जोड हिरवे पडतात. वरून नवी पट्टी गुंडाळली की सारे ठीक दिसते. लाटांच्या धक्क्याने तोच जोड सुटतो आणि बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. बोटीच्या लोखंडाऐवजी गंज आपल्या अंगावर घेण्यासाठी जस्ताचे तुकडे बसवतात. ते झिजून संपलेले असतील तर मालकाने वर्षानुवर्षे देखभाल केलेली नाही हे समजावे.

यातला एकही दोष असा नाही की जो शोधता येत नाही. मात्र तो शोधण्यासाठी बोट पाण्यात, ओझ्यासह आणि पुरेसा वेळ चालवावी लागते.

कायदा काय म्हणतो

आपण कापडवाले नमुन्यावर माल विकतो. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १७ सांगते की नमुन्यावर सौदा झाला तर सारा माल नमुन्यासारखा असला पाहिजे आणि नमुना पाहून न कळणारा दोषही त्यात असता कामा नये. जुन्या बोटीला नमुना कुठून आणणार? तिच्यासारखी दुसरी बोट नाही. तिचा नमुना एकच, तो म्हणजे पाण्यातील चाचणी. त्याच कायद्याच्या कलम १६ चा रोख असा आहे की घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. ज्याचा तो धंदाच आहे अशा विक्रेत्याकडून माल घेतला तरच त्याच्यावर मालाच्या दर्जाची जबाबदारी येते, आणि तेव्हाही घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याची तक्रार नंतर चालत नाही. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा आहे, पण नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तेवढी सवलत आहे. आणि खाजगी माणसाने आपली जुनी वस्तू एकदा विकली, तर त्याच्यावर ग्राहक आयोगात दाद मिळवणे सोपे नाही. तात्पर्य, पैसे दिल्यानंतर कोर्टात जाण्यापेक्षा पैसे देण्याआधी पाण्यात जावे.

यावर उपाय आपल्याच बाजारात आहे. मुंबईच्या कापड आणि हिऱ्यांच्या बाजारात जांगडची रीत जुनी आहे. माल घेऊन जा, पाहा, पसंत पडला तर ठेव आणि पैसे दे, नाही तर परत कर. पसंती कळवेपर्यंत किंवा ठरलेली मुदत संपेपर्यंत माल देणाऱ्याच्याच मालकीचा. कायद्याच्या कलम २४ मध्येही हाच व्यवहार मान्य केलेला आहे. माझे म्हणणे एवढेच की जुनी बोट नेहमी जांगडवर घ्यावी. मुदत तीन दिवसांची असावी.

तीन दिवस हा आकडा मनाचा नाही. आपल्या फिक्हमध्ये खियार-ए-शर्त म्हणून जो हक्क आहे, त्याची मुदत इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई या दोघांनीही तीन दिवसांची धरली आहे. लपवलेला दोष नंतर उघडकीस आला तर खियार-ए-ऐब आहेच. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा ती ओल वर का ठेवली नाहीस असे विक्रेत्याला विचारले गेले, ती हदीस आपल्या मुलांनाही पाठ आहे. गाळाने भरलेली टाकी आणि नव्या पट्टीखालचा हिरवा जोड ही आजची ओल आहे. तेव्हा जी बोट विकायची तिचे दोष विकणाऱ्यानेच आधी सांगावेत. किंमत थोडी उतरेल, पण सौदा मोडणार नाही.

विक्रेत्याची बाजू

विक्रेत्याचीही एक रास्त भीती असते. तीन दिवस बोट दिली आणि गिऱ्हाइकाने खडकावर घातली तर? ही भीती दूर करता येते. चाचणीच्या वेळी विक्रेत्याचा तांडेल बोटीवर असावा. डिझेल-पेट्रोल घेणाऱ्याने भरावे. बयाणा दोघांच्या भरवशाच्या तिसऱ्या माणसाकडे अमानत ठेवावा. चाचणीत बोटीला मार लागला तर भरपाई कोणी करायची, हे साध्या कागदावर दोघांनी सही करून ठेवावे. जो विक्रेता एवढ्या अटींवरही पाण्यात चाचणी द्यायला तयार नाही, त्याचा नकार हाच बोटीचा दाखला समजावा.

चाचणी कशी असावी, तेही सांगतो. गेल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहा. ते गरम असेल तर आपण येण्यापूर्वी कोणीतरी ते चालवून ठेवले आहे. थंड इंजिन सुरू होते का, हेच तर पाहायचे असते. इंजिनाचे आणि गिअरचे तेल काढून पाहा. दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी शिरले आहे. चढत्या भरतीला निघा आणि समुद्राच्या दिशेला जा, म्हणजे इंजिन बंद पडले तरी पाणी आपल्याला खाडीकडे आणील. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, तेव्हा ओहोटीच्या लोंढ्यात बंद बोट वैतरणेच्या मुखातून कुठच्या कुठे जाईल. निदान तासभर चालवा, त्यातला अर्धा तास पूर्ण वेगाने. मग बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करून पाहा. मागे चालवून पाहा. परत आल्यावर तळात किती पाणी साचले ते मोजा. सोबत दुसरी बोट, नांगर, वल्ही आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक तांडेलाला पाठ असावेत.

आणि पहिल्या फेरीला बायकामुलांना मुळीच नेऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे मेली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातील बिघाडामुळे तिच्यावरचा ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. जिथे शिकलेली माणसे आणि सारी साधने आहेत तिथे असे घडते, तर आपल्या जुन्या इंजिनाची काय कथा? चाचणी गर्दीच्या वाटेपासून दूरच झाली पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा सौदा ठरला तर बयाणा थोडा द्यावा आणि बाकी रक्कम समुद्र खुला होऊन चाचणी झाल्यावरच द्यावी. कागदपत्रेही त्याच वेळी पाहावीत. नोंदणी, बोटीचा आणि इंजिनाचा क्रमांक जुळतो का, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, हे तपासावे. २००८ मध्ये मुंबईवरील हल्लेखोर ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून आले, तेव्हापासून समुद्रावरील तपासणी कडक झाली आहे. दुसऱ्याच्या नावाची बोट घेऊन अडवले जाणे आपल्याला परवडणारे नाही.

शेवटची गोष्ट मिस्त्रीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आज सौदा झाला तरच मिस्त्रीला दलालीचे चार पैसे मिळतात. ज्याने दोष दाखवला त्याच्या हाती काहीच येत नाही. मग तो खरे कशाला बोलेल? लाखांची बोट घेणारा माणूस तपासणीच्या हजार-दोन हजारांसाठी घासाघीस करतो, ही आपली वाईट सवय आहे. सौदा होवो न होवो, मिस्त्रीची मजुरी आधी ठरवून रोख द्यावी. कारीगर बांधवांनीही दोन्हीकडून पैसे घेणे सोडावे आणि तपासलेल्या गोष्टी कागदावर लिहून सही करावी. अशा चार-पाच मिस्त्रींचे नाव वसईपासून डहाणूपर्यंत झाले, तर त्यांच्या सहीला किंमत येईल आणि बोट घेणारा दूरवरून त्यांना विचारत येईल.

बोटीचा भाव पाच-दहा हजारांनी कमी-जास्त झाला तर तो भरून काढता येतो. म्हणून यापुढे ज्याला जुनी बोट घ्यायची असेल त्याने भाव विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: तीन दिवस जांगडवर देता का?