परतीचं भाडं कोणी भरायचं?

आमच्या पिरंगुटच्या सोसायटीतल्या एका ताईंनी मुलाच्या होस्टेलसाठी मोठी ट्रॉली बॅग ऑनलाइन मागवली. किंमत ३,८९९ रुपये. बॅग घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी तीच बॅग, तोच रंग, तोच विक्रेता, पण किंमत २,९९९. त्यांनी ग्राहकसेवेकडे फरकाचे नऊशे रुपये मागितले. उत्तर आलं, फरक देता येत नाही, ही बॅग परत करा आणि नवी ऑर्डर टाका. परत करायला गेल्या तर मोबाइलवर वेगळीच ओळ उमटली: तुमच्या पिनकोडवर पिकअपची सोय नाही, वस्तू स्वतः कुरिअरने पाठवा, दोनशे रुपयांपर्यंतचा खर्च आम्ही भरून देऊ.

घोटावडे फाट्याकडे एका कुरिअरवाल्याने टेप लावून खोका मोजला. लांबी ७८ सेंटीमीटर, रुंदी ५२, उंची ३०. तिघांचा गुणाकार करून पाच हजारांनी भागायचं, हा कुरिअरवाल्यांचा नेहमीचा हिशेब. बॅग चार किलोची, पण आकारमानाचं वजन चोवीस किलोंच्या वर गेलं आणि भाडं त्यावरच लागणार होतं. ते नऊशे रुपयांत बसत नव्हतं. बॅग परत घरी आली.

मला राग आहे तो या पिकअपच्या सबबीचा. ज्या पिनकोडवर वस्तू दारापर्यंत येते, त्याच पिनकोडवरून ती नेता येत नाही, हे मला कोणी पटवून द्यावं. माल घेऊन भूगाव, भुकूम करत पिरंगुटचा घाट ओलांडून येणाऱ्या गाड्यांना संध्याकाळी पुण्याकडेच जायचं असतं, आणि तेव्हा त्यांत जागा असते. खोका न्यायची अडचण रस्त्याची नाही, इच्छेची आहे.

जुन्या वाचकांना टपालाची व्हीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट, आठवत असेल. पुस्तकं, बियाणं, आयुर्वेदिक औषधं, घड्याळं, सगळं व्हीपीने यायचं. पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा राहायचा, पैसे मोजले की पार्सल आपलं, आणि ते पैसे मनीऑर्डरने पाठवणाऱ्याकडे जायचे. घ्यायचं नसेल तर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून पार्सल परत जायचं. नकार देणाऱ्याच्या खिशातून दमडीही जात नसे. टपालखर्च पाठवणाऱ्याने आधीच भरलेला असायचा, त्यामुळे परत आलेलं प्रत्येक पार्सल त्याच्या अंगावर पडायचं. म्हणूनच जाहिरातीत काय लिहायचं आणि कोणाला माल पाठवायचा, याचा तो दहादा विचार करायचा, असं माझं ठाम मत आहे.

त्यामागे कायदाही होता. १८९८च्या भारतीय टपाल कायद्याने व्हीपीसाठी नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. माल खऱ्या मागणीवरूनच पाठवत आहे, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेता येत होतं. फसवणूक झाली तर वसूल केलेले पैसे अडवून ठेवून घेणाऱ्याला परत देण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, तेही परक्या सरकारच्या कायद्याला हे सुचलं होतं. व्हीपीत खोट होतीच, पैसे मोजल्याशिवाय खोका उघडता येत नसे. पण परतीचा भार कोणाचा, याबद्दल संशय नव्हता. तो कायदा १८ जून २०२४ रोजी नव्या टपाल कायद्याने मोडीत निघाला. त्याच्या जाण्याचं दुःख नाही, त्यातलं हे तत्त्व ऑनलाइन बाजारात कोणी आणलं नाही, याचं आहे.

आपले ई-कॉमर्स नियम जुलै २०२० चे. सदोष, वर्णनाशी न जुळणारी किंवा उशिरा आलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, एवढं त्यांत आहे. परतीच्या वाहतुकीचा खर्च ग्राहकाला स्पष्टपणे सांगावा, असंही आहे. पण सांगितलाच नाही तर काय? युरोपात दूरवरून घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. साधारणपणे परतीचा खर्च ग्राहकाचाच, पण तो त्याला भरावा लागेल हे विक्रेत्याने आधी सांगितलं नसेल तर भरायचा विक्रेत्याने. नियमाला दात असतात ते असे.

किमतीचंही तेच. युरोपात २८ मे २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडे खोडलेला आकडा बहुतेक वेळा एमआरपीचा असतो. एमआरपीबद्दल मी या जागी अनेकदा लिहिलं आहे आणि लिहीत राहणार: ज्या किमतीला वस्तू कोणी विकत घेत नाही, तिच्यावरून मोजलेली सूट ही सूट नव्हे. ताईंच्या बॅगेवर दोन्ही वेळा तोच आकडा खोडलेला होता. कालची खरी किंमत काय होती, ते कुठेच नव्हतं.

परतीच्या मुदतीत किंमत उतरली तर फरक खात्यात जमा करावा, ही माझी मागणी आहे. ती विक्रेत्याच्याही सोयीची आहे. नाहीतर तीच बॅग दोनदा घाट ओलांडून येणार आणि एकदा परत जाणार, त्या तिन्ही फेऱ्यांचं डिझेल कोणाच्या तरी बिलात येणारच.

दाद मागायला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हा नियम आहे. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. पण नऊशे रुपयांसाठी पिरंगुटहून पुण्याच्या आयोगात तारखांना कोण जाणार? विक्रेत्यांचा भरवसा नेमका यावरच आहे. एकेकट्याने लढून हे सुटणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा तक्रारी एकत्रितपणे हाती घेता येतात, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून दिले आहेत. किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं त्यांत आहे. खरेदीनंतर कळणारं परतीचं भाडं मी त्यातच धरतो.

मुळशी, मावळ, भोरकडच्या वाचकांनी ‘पिकअपची सोय नाही’ असं दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट, ऑर्डरच्या दिवशीच्या किमतीसह आणि पिनकोड दिसेल असा, माझ्याकडे पाठवावा. जमा झालेले सगळे मी प्राधिकरणाकडे एकत्र पाठवणार आहे.