पीयूसीच्या रांगेत दिवेही तपासा

बफेलो रोडवर भाजी घेताना ओळखीचा एक तरुण भेटला. मूळचा सांगलीचा, आता इथे सिंगापुरात नोकरीला. शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन गाडीने मलाक्क्याला जायचा बेत होता आणि निघणार होता रात्री. "काका, हॅलोजन काढून एलईडी टाकू का? जोहोर सोडलं की हायवेवर नुसता काळोख. ऑनलाइन जोडी मिळतेय, खोक्यावर वीस हजार ल्युमेन लिहिलंय."

मी नको म्हणालो. का नको, हे लिटिल इंडियाच्या गर्दीत हातात पिशव्या घेऊन सांगून होत नाही. आणि हाच प्रश्न मला कोल्हापूरहून पुतण्याही विचारतो, त्याचे मित्रही विचारतात. माझं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं. आधी शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या गाळ्यात, मग इथल्या वर्कशॉपमध्ये. म्हणून जे सांगतो ते हाताने केलेल्या कामातून सांगतो.

आधी खोक्यावरचा आकडा. साध्या एच-फोर बल्बचा डिपर ५५ वॅटचा, त्यातून सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश निघतो. पंचवीस-तीस वॅटच्या एलईडीतून वीस हजार ल्युमेन निघूच शकत नाहीत. पण आकडा खोटा असला तरी प्रकाश हॅलोजनपेक्षा जास्त असतो, हे खरं. तो जातो कुठे, हा खरा प्रश्न आहे.

हेडलाइट म्हणजे बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा आरसा आणि पुढची काच मिळून हेडलाइट होतो. एच-फोरच्या आत दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. आरशाच्या खालच्या भागावर पडून जो प्रकाश वर उसळला असता, तो ती वाटी अडवते. त्यामुळे डिपरच्या झोताला वरून धारदार कडा येते. आपल्याकडे आणि सिंगापुरातही गाड्या डावीकडून चालतात, म्हणून ही कडा उजवीकडे सपाट आणि डावीकडे किंचित चढती असते. समोरच्याच्या डोळ्यांखाली राहायचं आणि डाव्या कडेने चालणारा माणूस मात्र दिसला पाहिजे, एवढा विचार त्या आकारात आहे. हे सगळं जमतं कारण आरसा त्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो आणि तार मिलिमीटरभरही हललेली चालत नाही. तिथे एलईडीची पट्टी आली की उगम बदलतो. पट्टीच्या दोन सपाट बाजूंवर चिप असतात, त्यांचा आकार तारेसारखा नसतो. कडा विरघळते, प्रकाश वर सांडतो. रस्त्यावर जायला हवा तो उजेड समोरून येणाऱ्याच्या बुबुळात जातो.

चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय लख्ख झालं! बोनेटपुढचे दहा-पंधरा मीटर पांढरेशुभ्र होतात. त्या जवळच्या उजेडाने त्याची स्वतःची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी दाट होतो. ताशी नव्वदच्या वेगाला लांबचंच दिसायला हवं असतं. पावसात तर ओलं डांबर प्रकाश पुढे फेकून देतं, मागे चालकाकडे फारसा काही येत नाही, आणि त्या पांढऱ्या झोताचा त्रास तेवढा समोरच्याला होतो.

सिंगापूरचा नियम अशा बदलांबाबत कडक आहे. बाहेरून आणून बसवलेले एचआयडी, म्हणजे झेनॉनचे हेडलाइट इथे चालत नाहीत. गाडीत बेकायदा बदल केल्याचं सिद्ध झालं तर पहिल्याच गुन्ह्याला मोठा दंड किंवा कैदही होऊ शकते. पण इथे दिवे ताळ्यावर राहतात ते एकट्या दंडामुळे नाही. गाडीला तीन वर्षं झाली की दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दर वर्षी ती तपासणी केंद्रात न्यावी लागते. तिथे ब्रेक आणि धूर यांच्याबरोबर हेडलाइटच्या झोताचा कोनही यंत्रावर मोजतात. नापास झालात तर रोड टॅक्स भरता येत नाही. लोक निमूट दिवे सरळ करून घेतात.

मी फेरर पार्कला राहतो. रविवारी संध्याकाळी रेस कोर्स रोड, टेक्का, सिरंगून रोड माणसांनी फुलून जातात. आठवडाभर बांधकामावर राबलेली तमिळ आणि बांगलादेशी पोरं मित्रांना भेटतात, घरी पैसे पाठवतात, डनलॉप स्ट्रीटसारख्या अरुंद गल्ल्यांतून घोळक्याने चालतात. कपडे बहुधा गडद. एवढ्या दिव्यांच्या रस्त्यावर चालकाला आणखी प्रखर बल्बची गरज नसते. त्याला गरज असते समोरच्या गाडीने डोळे न दिपवण्याची, म्हणजे दोन गाड्यांमधून रस्ता ओलांडणारा माणूस वेळेवर दिसेल.

"ते सिंगापूर आहे काका, आमच्याकडे रस्त्यावर दिवेच नाहीत," असं पुतण्या म्हणतो. त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. कोल्हापूर-सांगली भागात ऊसतोडीच्या हंगामात रात्री गाडी चालवणं काय असतं, ते मला माहीत आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध चाललेला, मागे टेललॅम्प नाही, रेडियम असलंच तर चिखलाने माखलेलं, उसाची वाढी दोन्ही बाजूंना लोंबलेली. कुठे पंक्चर झालेली ट्रॉली चाकामागे दगड लावून तशीच सोडलेली. अशा रस्त्यावर जास्त उजेड हवासा वाटणं साहजिक आहे. पण तिथे अपघात कसा घडतो ते पाहा. समोरून एलईडी टाकलेली जीप येते, तुम्हाला तीन-चार सेकंद पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, आणि नेमकी त्या धुक्यात ट्रॉली उभी असते. ताशी साठनेसुद्धा तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते. ज्याच्या दिव्यांनी हे घडलं तो पुढे निघून गेलेला असतो, त्याला कळतही नाही. त्याला तोंड द्यायचं म्हणून दुसराही एलईडी टाकतो, मग तिसरा. पन्नाशी ओलांडलेल्या, मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाने रात्री गाडी काढणंच सोडून द्यायचं का? मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ वाचा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला तो दिपवता कामा नये, असं त्यात लिहिलं आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यांची जागा इतकी मोजून दिलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ते आठ मीटर मोजतं कोण? खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. तोवर तिला फिटनेससाठी आरटीओत जावं लागत नाही. १५ वर्षं त्या झोताकडे कोणी अधिकृतपणे बघतच नाही. चौकातल्या हवालदाराकडे यंत्र नसतं, त्याने फार तर डोळ्यांवर हात धरायचा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पीयूसीसाठी गाडी दर वर्षी केंद्रावर जातेच. तिथे धुराच्या नळीबरोबर हेडलाइट तपासायचं यंत्रही ठेवा. चाकांच्या स्टँडवर एक भिंग आणि पडदा असलेलं ते खोकं असतं, चांगल्या वर्कशॉपमध्ये ते आजही आहे. कडा वर चढलेली किंवा विस्कटलेली दिसली तर प्रमाणपत्र अडवा. आणि एकट्या गाडीमालकाला दंड करून थांबू नका, हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये ठोकायला एलईडीचे बल्ब राजरोस विकणाऱ्यांनाही गाठा.

यावर कोणी म्हणेल की मी नव्या तंत्राच्या विरोधात आहे. तसं नाही. जर्मनीत २०२० पासून ओसरामचे एलईडी बल्ब हॅलोजनच्या जागी कायदेशीरपणे बसवता येतात. पण कोणत्या गाडीच्या कोणत्या हेडलाइटमध्ये, हे चाचणी करून ठरवलेलं असतं, आणि त्या यादीत गाडी नसेल तर तो बल्ब तिला चालत नाही. आपल्याकडेही अशी चाचणी आणि अशी यादी झाली तर मी पहिला बसवून देईन. कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाडीबद्दल तर तक्रारच नाही, तिचा आरसा आणि भिंग त्याच दिव्यासाठी घडवलेलं असतं. एवढंच की त्याचाही कोन बिघडू शकतो.

आता त्या सांगलीच्या पोराचं. त्याच्या गाडीच्या प्लास्टिकच्या काचा उन्हाने पिवळ्या पडल्या होत्या, प्रकाश तिथेच अडत होता. त्या घासून पॉलिश करून घेतल्या. दोन्ही बल्ब जुने झाले होते, त्याच वॅटचे नवे हॅलोजन घातले. मग व्होल्टेज मोजलं. अर्थिंगच्या जोडावर गंज होता आणि बल्बपर्यंत दीड व्होल्ट कमी पोचत होते. साडेतेरा व्होल्टच्या जागी बाराच पोचले तर तारेचा उजेड सुमारे एक तृतीयांश घटतो, हे बहुतेक गाडीवाल्यांना माहीत नसतं. जोड साफ केला. आमच्या गाळ्यात १००/९० वॅटचे बल्ब मागायला येणाऱ्यांची वायर आणि होल्डर वितळलेले मी पाहिले आहेत. त्यातल्या अनेकांचं मूळ दुखणं असा गंजलेला जोड एवढंच होतं.

शेवटी झोताचा कोन. तो तुम्हीही घरी तपासू शकता. सपाट जागेवर, चाकांत हवा नीट असताना, गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. हेडलाइटच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपर लावल्यावर झोताची सपाट कडा त्या खुणेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वर असेल तर हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून खाली आणा. कडा दिसतच नसेल, नुसता पांढरा पसारा दिसत असेल, तर ते बल्ब आजच काढा.