नव्या मुनिमाचा पहिला हंगाम

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा ही बाजारपेठ लागते. आजूबाजूच्या गावांचे लोक वाणसामानासाठी येथे येतात, आणि दुपार उतरली की जवळच्या मोकळ्या जागेवर मुलांचे क्रिकेट सुरू होते. याच मालवण मुलखात १९३२ साली रमाकांत आचरेकर यांचा जन्म झाला. स्वतः ते प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले; परंतु मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांनी घडविलेल्या मुलांपैकी कित्येक भारताकडून खेळली. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री देऊन शासनाने त्यांचा गौरव केला.

सरांची रीत एखाद्या जुन्या पेढीला शोभावी अशी होती. सराव संपत आला की ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. फलंदाजाला जो बाद करील त्याचे ते नाणे. फलंदाज अखेरपर्यंत टिकला तर ते त्याचे. सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी जपून ठेवली. मात्र ‘छान खेळलास’ हे शब्द सरांच्या तोंडून आपण कधी ऐकले नाहीत, असे त्याने निवृत्तीच्या भाषणात सांगितले. दिवसाचा हिशेब दिवसालाच मिटवायचा आणि कौतुक खात्यावर आगाऊ जमा करायचे नाही, ही सरांची शिस्त होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांत एक यष्टिरक्षकही होता. त्याचे नाव चंद्रकांत पंडित. भारतासाठी ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळून झाल्यावर पंडित प्रशिक्षक झाले आणि २०१७ मध्ये विदर्भाच्या रणजी संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात उतरत होता. साठ हंगाम झाले, तरी करंडक नागपुरास आला नव्हता. याचे कारण साधनांचा अभाव होते, असे म्हणता येत नाही. जामठ्याचे भव्य मैदान २००८ पासून उभे होते. तरुण मुलांच्या प्रशिक्षणावर संघटना पैसा खर्च करीत होती. आधीच्या काही हंगामांत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचलाही होता. दुकान मोक्याच्या जागी, माल चोख, गिऱ्हाईक दारात, आणि तरीही वर्षाअखेर ताळेबंदात नफा दिसू नये, अशी ही अवस्था होती. व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी भांडवल वाढवून फारसे साधत नाही. असलेल्या भांडवलाचा रोजमेळ कोणीतरी कठोरपणे लिहावा लागतो, आणि ते काम घरच्या माणसाला अनेकदा जड जाते.

पंडित आले तेव्हा त्यांच्याही खात्यावर एक ताजी तूट होती. मुंबईला त्यांनी प्रशिक्षक म्हणून तीन वेळा करंडक मिळवून दिला होता. परंतु जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबईचा संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला आणि पंडितांची मुंबईची कारकीर्द संपली. एका मोठ्या पेढीने निरोप दिलेला मुनीम दुसऱ्या पेढीने बोलावून घ्यावा, असा हा प्रसंग होता. कारभारात मोकळीक मिळावी, ही पंडितांची अपेक्षा क्रिकेटच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. नवा माणूस नेमणे सोपे असते. त्याच्या हाती किल्ल्या देऊन आपण गादीवरून थोडे मागे सरकणे हे मालकाला अवघड जाते. विदर्भ क्रिकेट संघटनेने तो विश्वास टाकला.

हंगाम सुरू झाला तेव्हा संघात नव्या नावांची गर्दी नव्हती. कर्णधार फैज फजल नागपूरचाच. वसीम जाफर मूळचा मुंबईचा, पण दोन वर्षे आधीच विदर्भात आलेला. गोलंदाज रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकी शिकलेला तरुण. हीच माणसे पहिल्या षटकापासून शेवटच्या षटकापर्यंत एकाच निष्ठेने खेळू लागली, हा खरा बदल होता. विदर्भ गटात अव्वल ठरला. सुरतेस उपांत्यपूर्व सामन्यात त्याने केरळचा ४१२ धावांनी पराभव केला. फजलने हंगामात ९१२ धावा केल्या.

खरी कसोटी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर लागली. उपांत्य सामन्यात समोर कर्नाटक होते. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. करुण नायरच्या शतकाच्या बळावर कर्नाटकाने ३०१ धावा करून ११६ धावांची आघाडी घेतली. पूर्वीचा विदर्भ असता तर सामना मनातल्या मनात तेथेच संपला असता. परंतु दुसऱ्या डावात संघाने ३१३ धावा जमविल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. अखेरच्या सकाळी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि त्यांचे तीन गडी शिल्लक होते. त्यांचे फलंदाज धावांच्या जवळ जवळ सरकत राहिले, पण १९२ वर डाव संपला. विदर्भाचा विजय अवघ्या ५ धावांनी झाला. गुरबानीने त्या डावात ७ आणि सामन्यात १२ बळी घेतले. चार डावांत मिळून जवळजवळ हजार धावा झाल्या, आणि निकाल ठरला तो पाच धावांच्या फरकाने. रोजच्या खर्चातली चिल्लर मोजण्याचे महत्त्व ज्या घरात मुलांना शिकविले जाते, तेथे या पाच धावांचा अर्थ लगेच उमगेल. सीमारेषेवर अडविलेला एक चौकार किंवा न सोडलेला एक झेल यांची किंमत त्या क्षणी कळत नाही. ती वर्षाअखेर कळते.

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ पासून दिल्लीविरुद्ध झाला आणि योगायोगाने मैदान पुन्हा इंदूरचेच होते. दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीने तीन चेंडूंवर लागोपाठ तीन बळी घेतले. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्यापूर्वी एकदाच झाली होती. दिल्लीच्या २९५ धावांना विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपले पहिलेच प्रथम श्रेणी शतक याच सामन्यात झळकावले आणि १३३ धावा केल्या. तळाला आलेल्या आदित्य सरवटे व सिद्धेश नेरळ यांनीही अर्धशतके ठोकली. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने सामना ९ गडी राखून जिंकला. जेथे एक वर्षापूर्वी पंडितांची तूट निघाली होती, तेथेच ती भरून आली.

या यशामागची एक गोष्ट धावफलकात कोठेही दिसत नाही. २०१६-१७ च्या हंगामात दुखापतीमुळे जाफर खेळू शकला नव्हता, तरी विदर्भ संघटनेने त्याचे ठरलेले मानधन पूर्ण दिले होते. पुढच्या वर्षी त्याने आपण होऊन मानधन न घेता खेळण्याची तयारी दाखविली आणि त्याप्रमाणे तो खेळला. कोणत्याही करारपत्राने त्याला तसे बांधलेले नव्हते. शब्दावर चालणाऱ्या व्यवहाराची परंपरा बाजारपेठांतून ओसरत चालली आहे, असे म्हटले जात असताना हे उदाहरण घरातील तरुणांना आवर्जून सांगावे असे आहे. ज्या संघात आधी असा परस्परविश्वास असतो, तेथेच कडक प्रशिक्षकाचा कडकपणा सोसला जातो.

कारण तो कडकपणा सर्वत्र सोसला गेला नाही. पुढे पंडितांनी कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षकपद स्वीकारले, तेव्हा त्यांची लष्करी थाटाची शिस्त काही परदेशी खेळाडूंना रुचली नसल्याचे जाहीरपणे सांगितले गेले. त्याच संघाने २०२४ मध्ये स्पर्धा जिंकली, ही वस्तुस्थिती आहे. पण जिंकल्यामुळे त्या खेळाडूंची तक्रार खोटी ठरत नाही. जगभर खेळून आलेला, स्वतःची रीत बसलेला मनुष्य आणि अजून घडत असलेला विशीतला मुलगा यांना एकच माप लावता येत नाही. पेढीवरच्या जुन्या जाणत्या गुमास्त्याला उमेदवारासारखे वागविले तर हिशेब चोख राहतो, पण माणूस दुरावतो. शिस्तीची किंमत असते, आणि ती कोणाच्या खात्यावर पडते हे पाहण्याची जबाबदारी नेमणूक करणाऱ्याची आहे.

विदर्भाने पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, सौराष्ट्राचा पराभव करून करंडक स्वतःकडेच राखला. त्याच्या महिनाभर आधी, २ जानेवारी रोजी, आचरेकर सरांचे निधन झाले होते. कालांतराने पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्या संघालाही त्यांनी पहिला करंडक मिळवून दिला. त्या अंतिम सामन्यात समोर मुंबई होती आणि तिचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार हेही आचरेकर सरांचेच शिष्य होते.

मुनीम गेल्यावर पेढीचे काय होते, यावरूनच त्याच्या कामाचे खरे मोल ठरते. विदर्भ पुन्हा जुन्या सवयींकडे वळला असता तर २०१७-१८ चा हंगाम एका परक्या माणसाची करामत म्हणून विसरला गेला असता. तसे झाले नाही. २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये त्याने नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. प्रशिक्षक होते विदर्भाचेच उस्मान घनी. कर्णधार होता अक्षय वाडकर, इंदूरला पहिले शतक करणारा तोच यष्टिरक्षक. आणि त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात विदर्भासाठी शतक झळकावले ते करुण नायरने, ज्याच्या शतकाने एके काळी कोलकात्यात विदर्भाला घाम फोडला होता.

कोणत्याही घरात बाहेरचा जाणता मनुष्य नेमण्याचा विचार निघाला की पहिला प्रश्न त्याच्या पगाराचा असतो आणि दुसरा तो किती नफा वाढवील याचा. विदर्भाचा अनुभव तिसरा प्रश्न सुचवितो. तो असताना त्याच्या शेजारी बसून वही लिहायला घरातील कोण शिकणार आहे, हे नेमणुकीच्या दिवशीच ठरलेले असावे.