निकाल लागला, पण खटला संपला नाही



अत्याचाराच्या खटल्यात आरोपींना शिक्षा झाली, की आपल्या वस्तीत समाधान पसरते. विहारात सभा होते, साक्षीदारांच्या धाडसाचे कौतुक होते, वकिलांना पुष्पहार घातला जातो. हे सारे व्हायलाच हवे. परंतु त्याच सुमारास आरोपींचा वकील अपिलाचे कागद जुळवू लागलेला असतो, हे आपण विसरतो. मग काही वर्षांनी एके सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते, की अमुक प्रकरणातील आरोपी सुटले. आपण हळहळतो, निषेधाचा ठराव करतो. पण मधल्या काळात त्या अपिलाचे काय चालले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलेले असते? म्हणून या वेळी आम्ही अपील कोर्टाच्या अधिकारांविषयी लिहीत आहोत.

प्रथम एक मूलभूत गोष्ट. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखालील गुन्हा संघराज्याच्या कोर्टात चालतो, राज्याचा गुन्हा राज्याच्या कोर्टात. अपिलाच्या वाटाही वेगवेगळ्या. आपल्याकडे तसे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी हा फरक समजावून सांगितला होता. आपल्याकडे केंद्र आणि राज्य अशी दोन सरकारे असली, तरी न्यायव्यवस्था एकच आहे. त्यामुळे ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा संसदेने केलेला असला, तरी खटला आपल्याच जिल्ह्यातील विशेष न्यायालयात चालतो, अपील आपल्याच उच्च न्यायालयात जाते आणि शेवटची पायरी सर्वोच्च न्यायालयाची असते.

आता अपील कोर्ट काय काय करू शकते ते पाहू. पूर्वी हे अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ४२७ मध्ये ते जवळजवळ तसेच आले आहेत. आरोपीने शिक्षेविरुद्ध अपील केले, तर कोर्ट त्याला निर्दोष सोडू शकते, खटला पुन्हा चालवायला सांगू शकते, गुन्ह्याचे कलम बदलू शकते किंवा शिक्षा कमी करू शकते. मात्र आरोपीच्याच अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. शिक्षा वाढवून हवी असेल, तर त्यासाठी सरकारने वेगळे अपील करावे लागते आणि आरोपीला त्यावर म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आरोपी निर्दोष सुटला असेल, तर त्याविरुद्धच्या अपिलात कोर्ट तो निकाल फिरवून त्याला दोषी ठरवू शकते. पण सुटलेल्या माणसाला पुन्हा दोषी ठरवताना वरची कोर्टे फार जपून पावले टाकतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. अपील कोर्टात साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. जादा पुरावा घेण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो क्वचित वापरला जातो. न्यायमूर्तींसमोर असतात ते खालच्या कोर्टातील कागद. जे फिर्यादीत आले नाही, साक्षीत नोंदले गेले नाही, ते तिथे उभे करणे फार अवघड असते.

खैरलांजीचे उदाहरण आपल्या सर्वांच्या काळजात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात सुरेखा भोतमांगे, प्रियांका, सुधीर आणि रोशन यांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. महाराष्ट्रभर समाधान व्यक्त झाले. परंतु त्या निकालात ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम लागलेच नव्हते! १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली, आणि हा प्रकार जातीच्या द्वेषातून नव्हे, तर सूडातून घडला, असेच मानले.

फाशी टळली, याचे आम्हाला दुःख नाही. जून १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले होते. आमचे दुःख निराळे आहे. ज्या जातीने त्या कुटुंबाला गावात एकटे पाडले, त्या जातीचे नाव निकालात गुन्ह्याचे कारण म्हणून आले नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. तोवर हे शल्य त्यांनी एकट्याने वाहिले.

त्यानंतर कायदा बराच सुधारला आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १४-अ आणि १५-अ आणले. १४-अ नुसार विशेष न्यायालयाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि दाखल झालेले अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावे, असे कायदाच म्हणतो. १५-अ नुसार जामीन, शिक्षा, पॅरोल अशा प्रत्येक टप्प्यावर पीडिताला सूचना मिळण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. हे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. ३१ डिसेंबर २००९ पासून तर कोणत्याही गुन्ह्यातील पीडिताला स्वतः अपील करता येते. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर हे दार उघडे आहे.

मग आपण काय करावे? निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून नकलेवरील तारखांचे शिक्के जपून ठेवा. नक्कल मिळाली, की आधी पाहा: ॲट्रॉसिटीचे कलम टिकले की वगळले? वगळले असेल, तर सरकारी वकिलांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना अपिलाची लेखी मागणी करा, पोच घ्या, आणि स्वतःच्या अपिलाची तयारीही सुरू ठेवा. आरोपीने अपील करून शिक्षेला स्थगिती व जामीन मागितला, तर तिथेही आपले म्हणणे ऐकून घ्यावे लागते, हे वकिलांना आठवण करून द्या.

वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचाही त्यात समावेश आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. उच्च न्यायालयासाठीही अशीच समिती आहे.

एक विनंती विहार समित्यांना. आपल्या भागातील प्रत्येक अत्याचाराच्या खटल्यासाठी एक वही ठेवा. खटल्याचा क्रमांक, कलमे, निकालाची तारीख, अपिलाची मुदत, वकिलाचे नाव त्यात लिहा. मोर्चाला हजार माणसे लागतात. ही वही ठेवायला एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे. ज्या घरातील माणूस गेला, ते घर दुःखात असते, हातावर पोट असते. नव्वद दिवस मोजण्याचे काम त्या घरावर सोडू नये. ते समाजाने मोजावेत.

जयभीम!