टीबीची बातमी मागा

जानेवारी २०१२ मध्ये टीबी पहिल्या पानावर आला होता. तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणारा टीबी मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांना काही रुग्णांत सापडला होता. वाहिन्यांच्या गाड्या धावल्या, सरकारने आजाराच्या नावालाच हरकत घेतली आणि काही आठवड्यांत सगळे थंडावले. आजार कुठेही गेला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात टीबीने तीन लाखांहून अधिक माणसे गेली, म्हणजे रोज आठशेच्या वर. एवढी माणसे एका रात्रीत एकाच गावात गेली असती तर मंत्री हेलिकॉप्टरने पोचले असते. पण ती चाळीत, पाड्यावर, वीटभट्टीवर विखरून मरतात. कालही तेवढीच मेली, त्यामुळे आज सांगायला ‘नवे’ काही नसते. शिवाय घरचेच आजार लपवतात, कारण मुलीचे लग्न मोडेल, घरमालक खोली सोडायला लावील. मग बातमीदाराशी बोलणार कोण? २४ मार्चला, क्षयरोग दिनी, पाहुण्यांच्या फोटोसकट एक चौकट छापली जाते, बस्स.

मार्च २०२४ मध्ये साध्या टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला. केंद्राने राज्यांना त्या स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितल्या. गोळ्यांत खंड पडला की जंतू औषधाला जुमानेनासा होऊ शकतो. तुमच्या पेपरात तेव्हा काही वाचल्याचे आठवते? ‘२०२५पर्यंत क्षयमुक्त भारत’ अशी घोषणा होती. त्याचा जाब कोणी विचारला?

वाचकहो, याच आठवड्यात आपल्या पेपरच्या संपादकांना पत्र लिहा. तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या आहेत का? थुंकी तपासायचे यंत्र चालू आहे का? निक्षय पोषण योजनेचे महिना हजार रुपये रुग्णाच्या खात्यात वेळेवर पडतात का? हे दर महिन्याला छापा म्हणावे. नाही छापले तर पुन्हा लिहा, ग्रामसभेत विचारा.

टीबीतून बरे झालेल्यांनी, झेपत असेल तर, नावानिशी बोलावे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे टीबीच्या औषधांपायी कान गेले. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत त्यांनी बेडाक्विलिन या टीबीवरच्या औषधाच्या नव्या पेटंटला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याची बातमी झाली, कारण बोलणारी माणसे समोर होती.

आणि घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, तर पत्रबित्र नंतर. उद्या सकाळी त्यांना सरकारी दवाखान्यात न्या; तपासणी आणि औषधे तिथे फुकट आहेत.