आठ वर्षांनंतरची तपासणी

"मला आता काहीच त्रास नाही. मग पुन्हा ती नळी कशाला?" मंडळातल्या एका मुलीनं मला हा प्रश्न विचारला. तिचं वय २९, अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान झालं २१व्या वर्षी. गोळ्या वेळेवर, रक्त पडणं कधीच थांबलेलं, नवरात्रात नऊही रात्री गरबा. तिला विचारूनच हा प्रश्न आज सदरात घेते आहे, कारण असे तरुण पेशंट माझ्याकडे बरेच येतात. आणि बरं वाटू लागलं की बरेच यायचे थांबतातही.

या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. जखमा भरतात, पुन्हा होतात. वर्षानुवर्षं ही डागडुजी चालली की काही ठिकाणी पेशींची घडण बिघडू लागते. त्याला डिस्प्लेसिया म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचं ठिकाण आहे. इथे ना पोट दुखतं, ना रक्त पडतं. म्हणून "त्रास नाही" हे ऐकून मला आनंद होतो, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही.

घाबरवण्याचा हेतू नाही. २००१ साली जुन्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा आजार सुरू झाल्यावर १० वर्षांनी सुमारे २ टक्के, २० वर्षांनी ८ टक्के आणि ३० वर्षांनी १८ टक्के रुग्णांना कॅन्सर होतो असा अंदाज निघाला. नंतरच्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले. औषधं सुधारली, तपासण्याही सुधारल्या. पण धोका वर्षांबरोबर वाढतो, हे सूत्र कायम आहे. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी कोलोनोस्कोपी करून पाहायची असते.

आता खरी अडचण सांगते. एरवी आतड्यातला पॉलिप बऱ्याचदा अळंबीसारखा वर आलेला असतो, तो पटकन दिसतो. कोलायटिसमध्ये मात्र बिघडलेला भाग सपाट असू शकतो, आजूबाजूच्या अस्तरासारखाच. पूर्वी त्यावर उपाय म्हणून दर १० सेंटीमीटरवर चार असे निदान ३३ तुकडे घ्यायचे. दिसत नाही, तर ठिकठिकाणी चिमटा घेऊन बघू, असा हिशेब. पण एवढे तुकडे घेऊनही अस्तराचा एक टक्कासुद्धा तपासून होत नाही.

लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २००४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १०० रुग्णांची एकाच बैठकीत दोनदा पाहणी केली. आधी नेहमीच्या पद्धतीनं, ठरावीक अंतरावर तुकडे घेत. मग आतड्यात इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारून. पहिल्या फेरीतल्या २,९०४ तुकड्यांत एकाही ठिकाणी डिस्प्लेसिया सापडला नाही. संशयास्पद जागा हेरून घेतलेल्या फक्त १५७ तुकड्यांत नऊ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या सात रंग टाकल्यावरच दिसल्या होत्या.

हा रंग निळीच्याच कुळातला. तो पेशींत शिरत नाही, अस्तराच्या बारीक खाचांमध्ये साचतो. फरशीवर रंगीत पाणी सांडलं की कुठे खोलगट आहे, कुठे उंचवटा आहे ते उघडं पडतं, तसंच. मिथिलीन ब्लू हा दुसरा रंग पेशी शोषून घेतात. तो वापरला तर नंतर लघवी हिरवट-निळी होते. घाबरू नका.

आजच्या हाय डेफिनिशन दुर्बिणींत चित्र इतकं स्पष्ट दिसतं की रंगाचा फायदा पूर्वीएवढा मोठा राहिलेला नाही. बटण दाबून प्रकाशाचा रंग बदलण्याची सोयही अनेक यंत्रांत असते. त्यामुळे सगळीकडे रंग फवारतीलच असं नाही. पण अस्तर सावकाश न्याहाळायचं आणि शंका येईल तिथला तुकडा घ्यायचा, हे तत्त्व कोणत्याही यंत्राला लागू आहे. तारीख ठरवताना डॉक्टरांना विचारा: दुर्बीण हाय डेफिनिशन आहे का? रंग वापरणार का? असं विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

तुमच्या हातातल्या गोष्टी दोन. पहिली, आजार शांत असताना तपासणी करा. सूज असली की दुर्बिणीतून पाहणारा आणि सूक्ष्मदर्शकातून तुकडा तपासणारा, दोघंही चकतात. दुसरी, पोट स्वच्छ हवं. आदल्या दिवशी "एकादशी अन् दुप्पट खाशी" चालणार नाही. तीळ, पेरू, टोमॅटोच्या बिया, पालेभाज्या दोन-तीन दिवस आधीपासून बंद. जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं सकाळी सांगितलं असेल, तर सकाळचं टाळू नका. चव वाईट असते, मान्य आहे. पण मळाखाली लपलेला डाग कुठल्याच रंगानं दिसत नाही.

पुढची तपासणी एक ते पाच वर्षांत कधी, हे आजार किती पसरला आहे, सूज किती टिकून आहे, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, यावर ठरतं. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर पुढे वारंवार तपासणीची सहसा गरज नसते. यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार सोबत असेल, तर मात्र आठ वर्षं न थांबता निदानापासून दरवर्षी पाहावं लागतं.

आणि काही सापडलंच तर? पूर्वी डिस्प्लेसिया म्हटलं की अख्खं मोठं आतडं काढायची चर्चा सुरू व्हायची. आता कडा स्पष्ट दिसणारा डाग अनेकदा दुर्बिणीतूनच पूर्ण काढता येतो आणि पुढे लक्ष ठेवता येतं. लवकर दिसण्याचा फायदा तो हाच.

आपल्या घरांत शौचाचा आजार कुजबुजत सांगतात, लग्न ठरत असेल तर तेवढंही नाही. मग फाईल कपाटाच्या तळाशी जाते आणि तारीख विसरली जाते. ती फाईल आज बाहेर काढा. पहिल्या पानावर लक्षणं सुरू झाली ते वर्ष लिहा. निदानाचं नाही, लक्षणांचं. त्यात आठ मिळवा. येणारं वर्ष घरातल्या निदान एका माणसाला सांगून ठेवा.